सुरी नाही, टाके नाहीत, पण वाट बघावी लागते

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात डोकेदुखीबद्दल लिहिताना मी रेडिओसर्जरीचा एका ओळीत उल्लेख केला होता, की मेंदूतल्या काही गाठी आणि रक्तवाहिन्यांचे काही गुंते आता कवटी न उघडता, बाहेरून किरण देऊन बरे करता येतात. तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलंय. मी नाशिकमध्ये रेडिएशनचीच डॉक्टर आहे, त्यामुळे हे प्रश्न ओपीडीत रोज ऐकते, पण पत्रात माणूस जे लिहितो ते समोर बसून बोलत नाही हे यावेळी परत एकदा कळलं. नावं मुद्दाम काढून टाकली आहेत, गावं ठेवली आहेत.

मुलगा २२ वर्षांचा आहे. बागेत फवारणी करताना पडला, झटके आले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्त दिसलं, नंतर अँजिओग्राफीत एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, निघाला, अडीच सेंटीमीटरचा, खोलवर. ऑपरेशन रिस्की आहे, रेडिओसर्जरी करा म्हणाले. एका दिवसात होतं म्हणाले म्हणून आम्ही तयार झालो आणि आता म्हणतात की गुण यायला दोन-तीन वर्षं लागतील. एका दिवसाचं काम आणि तीन वर्षांची वाट, हे कसं काय? आम्हाला नीट सांगत नाहीयेत का? (निफाड)

भाऊ, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या तुम्हाला एकाच वेळी, एकाच बैठकीत सांगायला हव्या होत्या आणि तसं झालेलं दिसत नाही.

तुमची द्राक्षबाग आहे म्हणून ठिबकच्या भाषेत सांगते. मोटारीचं पाणी मेन लाईनमधून येतं, तिथून सबमेनला, मग लॅटरलमध्ये आणि शेवटी ड्रिपरमधून थेंब थेंब पडतं, म्हणजे टप्प्याटप्प्याने प्रेशर कमी होत जातं. मेंदूतही तसंच आहे, धमनीतलं जोरातलं रक्त बारीक बारीक केशवाहिन्यांत पसरतं आणि तिथे जोर उतरल्यावरच शिरेत जातं. एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्याच नसतात. मेन लाईन थेट पातळ लॅटरलला जोडल्यासारखं होतं आणि शिरेची भिंत काही तेवढ्या जोरासाठी बनलेली नसते, म्हणून ती फुगते आणि एखाद्या दिवशी फुटते. तुमच्या मुलाचं तेच झालं. फवारणीचा, औषधाचा, उन्हाचा यात काही दोष नाही. तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय की मीच त्याला पाठवलं होतं. तुम्ही पाठवलं नसतं तरी तो गुंता तिथेच होता.

आता किरण काय करतात. एकाच वेळी साधारण २० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) आसपास डोस त्या गुंत्यावर दिला की त्या नळ्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि ते अस्तर हळूहळू जाड होत जातं. क्षाराच्या पाण्याने ठिबकच्या नळ्या आतून कशा बुजत जातात, आज काही दिसत नाही, दुसऱ्या सीझनला पाणी कमी यायला लागतं आणि मग एक दिवस नळी बंद, अगदी तसंच. बागेत आपण ॲसिड सोडून ती नळी साफ करतो, इथे आपल्याला ती बुजायलाच हवी असते. या बुजण्याला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात, कधी चारही. त्यात घाई करता येत नाही, कुठलंही औषध घेऊन तो वेग वाढत नाही.

आणि हे मला ठळक सांगायचंय, नळी पूर्ण बंद होईपर्यंत रक्तस्रावाचा धोका तसाच राहतो, किरण दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो गेला असं होत नाही. न फुटलेल्या एव्हीएमचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के धरतात, एकदा फुटलेल्याचा पहिल्या वर्षी त्याहून जास्त. म्हणूनच सोप्या जागी, वरच्या बाजूला असलेला छोटा एव्हीएम असेल तर न्यूरोसर्जन ऑपरेशनच करा म्हणतात, कारण त्यात धोका त्याच दिवशी संपतो. तुमच्या मुलाचा खोल आहे, तिथपर्यंत जाताना चांगला मेंदू दुखावेल, म्हणून किरण. तीन सेंटीमीटरच्या आतले एव्हीएम साधारण ७० ते ८० टक्के लोकांत पूर्ण बंद होतात. मोठे असतील तर टक्का उतरतो, मग काही वेळा दोन टप्प्यांत करावं लागतं. तीन वर्षांनीही थोडा उरला तर परत करता येतं.

या तीन वर्षांत काय करायचं? झटक्यांची गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि स्वतःहून बंद तर अजिबात करायची नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रॅक्टर नाही, मोटरसायकल नाही, विहिरीत उतरणं नाही, शेततळ्यावर एकट्याने जाणं नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने सांगतील तसा एमआरआय आणि एमआरआयमध्ये बंद दिसलं तरी शेवटी एक अँजिओग्राफी, कारण खात्री तिनेच होते. माझ्याकडे सिन्नरकडचा एक मुलगा यायचा, वर्षभर आला, बरं वाटतंय म्हणून घरच्यांनी येणं थांबवलं, गोळ्याही थांबवल्या आणि दीड वर्षाने झटका येऊन पडला तेव्हा परत आणला. त्याचा एव्हीएम बुजत चालला होता, काम अर्ध्यावर आलं होतं. त्याच्या आईने एमआरआयची सीडी रुमालात गुंडाळून, त्यावर रबर लावून जपून ठेवली होती, फक्त ती घेऊन कुठे जायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला तो रुमाल अजून आठवतो.

डोक्याला स्क्रू लावतात म्हणे. मिस्टरांची तारीख जवळ आली आहे आणि ते रात्रभर झोपत नाहीत. त्या दिवशी नक्की काय काय होतं? (गंगापूर रोड)

ताई, हो, लावतात, पण सगळीकडे आणि सगळ्यांना नाही. आधी ते का लावतात ते सांगते म्हणजे भीती थोडी उतरेल.

लार्स लेक्सेल नावाचे स्वीडनचे न्यूरोसर्जन होते, त्यांनी १९५१ मध्ये रेडिओसर्जरी हा शब्द आणला. कवटी उघडण्याच्या ऑपरेशनात तेव्हा बरेच पेशंट दगावायचे आणि त्यांना काहीतरी दुसरा रस्ता हवा होता. आधी साधी एक्सरे ट्यूब, मग प्रोटॉन असं करत करत साठच्या दशकाच्या शेवटी स्टॉकहोममध्ये कोबाल्टचं पहिलं मशीन उभं राहिलं, तेच गामा नाईफ. नावात नाईफ आहे पण सुरी कुठेच नाही. आत्ताच्या मशीनमध्ये १९२ ठिकाणांहून कोबाल्टचे बारीक किरण निघतात आणि सगळे एकाच बिंदूवर येऊन मिळतात. २०१५ च्या कुंभात रामकुंडावर गेला असाल तर आठवा, पंचवटीतल्या प्रत्येक गल्लीतून माणसं येत होती, एकेका गल्लीत चालायला जागा होती पण कुंडावर तीळ ठेवायला जागा नव्हती. तसंच हे. एकेक किरण इतका हलका की वाटेतल्या मेंदूला जवळपास काही होत नाही, पण जिथे सगळे भेटतात तिथे डोस भरपूर आणि तिथून दोन-चार मिलिमीटर बाजूला सरकलं की झपकन कमी.

आता एवढं नेमकं काम असेल तर डोकं हललं नाही पाहिजे, बरोबर ना? म्हणून फ्रेम. सकाळी कपाळावर दोन आणि मागे दोन अशा चार जागी भूल देणारं इंजेक्शन देतात, ती इंजेक्शनं चुरचुरतात, मी खोटं सांगणार नाही, दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत देतात तसं. मग चार पिना बसवतात, तेव्हा दुखत नाही, दाब जाणवतो, डोक्याला घट्ट पट्टा बांधल्यासारखं आणि दहा-पंधरा मिनिटांत सवय होते. हाडाला भोक वगैरे पाडत नाहीत, पिना फक्त टेकून घट्ट बसतात. फ्रेम घालूनच एमआरआय किंवा सीटी होतो. मग दोन-तीन तास नुसतं बसायचं, कारण आत कॉम्प्युटरवर न्यूरोसर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून प्लॅन काढत असतात आणि एकेका मिलिमीटरवर त्यांचा वाद चालतो, तो चालू द्यावा. प्रत्यक्ष किरण द्यायला अर्धा तासही लागतो, दोन तासही. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून मशीनमधलं कोबाल्ट जुनं असेल तर त्याच कामाला जास्त वेळ लागतो, काहीतरी बिघडलंय असं समजू नका. आत एकटंच झोपायचं असतं पण माईक असतो, कॅमेरा असतो, बोलता येतं. किरण दिसत नाहीत, भाजत नाहीत, कळतच नाहीत. संध्याकाळी फ्रेम काढली की चार टिकल्यांएवढ्या जखमा राहतात, दोन दिवस डोकं दुखू शकतं, बहुतेक लोक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

लिनॅक नावाच्या मशीनवर किंवा सायबरनाईफवर असेल तर बऱ्याचदा पिना नसतातच, चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतात. तो गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ठेवतात आणि तिथेच कडक होतो. तेव्हा आधी हॉस्पिटलला फोन करून विचारा की फ्रेम आहे की मास्क. कदाचित मिस्टर एवढे दिवस जागे राहिले ते स्क्रू त्यांच्या वाट्याला येणारच नसतील.

तुमच्या पत्राखाली मिस्टरांनी पेन्सिलने लिहिलंय की घरात नात सात महिन्यांची आहे, तिला जवळ घ्यायचं का. घ्या, त्याच संध्याकाळी घ्या. किरण बाहेरून येतात आणि मशीन बंद झालं की संपतात, अंगात काही उरत नाही, कोणाला लागत नाही.

वय ५२. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, सारखं शिट्टीसारखं वाजतं. एमआरआयमध्ये १.८ सेंटीमीटरचा अकूस्टिक न्यूरोमा. तिघांना दाखवलं, एक म्हणतात ऑपरेशन, एक म्हणतात रेडिओसर्जरी, एक म्हणतात सहा महिने बघू. कोण बरोबर? (सिडको)

ताई, तिघंही. हे उत्तर ऐकून चिडू नका, खरंच सांगते.

ही गाठ कॅन्सरची नाही. कानाकडून मेंदूकडे जाणारी तोलाची आणि ऐकण्याची जी नस आहे तिच्या आवरणातून ती वाढते आणि सहसा फार सावकाश, वर्षाला एक-दोन मिलिमीटर, काहींची तर वर्षानुवर्षं वाढतच नाही. म्हणून लहान गाठीत थांबून बघणं हाही उपचारच आहे. गाठ तीन सेंटीमीटरच्या पुढे गेली, मेंदूच्या देठाला दाबायला लागली तर मात्र ऑपरेशनच, तिथे किरण देऊन वाट बघत बसायला जागाच नसते. तुमची मधली आहे. म्हणून तीन मतं.

रेडिओसर्जरी निवडली तर काय मिळतं ते समजून घ्या. गाठ नाहीशी होत नाही. हे मी प्रत्येक पेशंटला दोनदा सांगते आणि तरी वर्षाने लोक एमआरआय घेऊन येतात आणि म्हणतात मॅडम अजून आहेच की. १२-१३ ग्रेचा डोस गाठीची वाढ थांबवण्यासाठी असतो, नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत ती थांबते आणि पुढे काहींची थोडी आकसते. गाठ निकामी होऊन तिथेच पडून राहते, शेतातल्या वठलेल्या खोडासारखी. चेहऱ्याची नस या डोसला बहुतेक सुरक्षित राहते आणि ऑपरेशनच्या मानाने हा मोठा फायदा. ऐकू येण्याचं मात्र मी वचन देणार नाही, पाच वर्षांनी साधारण निम्म्या लोकांचं कामापुरतं ऐकणं टिकलेलं असतं आणि पुढेही ते थोडं थोडं कमी होतं, आणि नुसतं थांबून बघितलं तरी ते बऱ्याच जणांचं कमी होतंच. कानात वाजणं तर कुठल्याच उपचाराने जाईल असं कोणी सांगू नये.

अजून एक, किरण दिल्यावर सहा ते अठरा महिन्यांच्या मध्ये गाठ थोडी सुजते, एमआरआयच्या रिपोर्टवर 'साईज वाढली' असं येतं आणि घरात रडारड सुरू होते. मागच्याच वर्षी एक काका असा रिपोर्ट घेऊन थेट ऑपरेशनची तारीख घ्यायला निघाले होते. मी फक्त दोन सीडी शेजारी शेजारी लावून दाखवल्या, गाठीचा मधला भाग काळा पडला होता, म्हणजे ती आतून मरत होती आणि बाहेरून सुजली होती. सहा महिन्यांनी परत पूर्वीएवढी झाली. चालताना खूपच तोल जायला लागला, चेहरा वाकडा वाटला तर लगेच दाखवायचं, पण नुसत्या आकड्यावरून निर्णय नाही घ्यायचा.

तुमच्या जागी माझी बहीण असती तर आधी सहा महिन्यांनी एक एमआरआय केला असता आणि वाढली तर किरण दिले असते. पण तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे मत घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आईच्या मेंदूत रक्तवाहिनीला फुगा आलाय, अॅन्युरिझम. त्याला रेडिओसर्जरी चालेल का? (मनमाड)

नाही. फुगा आणि एव्हीएम या वेगळ्या गोष्टी आहेत. फुग्याला एकतर बाहेरून क्लिप लावतात किंवा मांडीच्या, हाताच्या रक्तवाहिनीतून जाऊन आतून कॉइल भरतात. किरण देऊन तीन वर्षं वाट बघण्याचा हा आजारच नाही. कृपया वेळ घालवू नका, या आठवड्यातच न्यूरोसर्जनला भेटा आणि तोवर आईचं बीपी सांभाळा. अचानक आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं दुखलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत.

मिसेसना ब्रेस्ट कॅन्सर होता, चार वर्षं छान गेली. आता मेंदूत तीन डाग आलेत, सगळ्यात मोठा दोन सेंटीमीटर. पूर्ण डोक्याला दहा दिवस शेक (रेडिएशन) देऊ असं एका ठिकाणी सांगितलं, दुसरीकडे फक्त त्या तीन डागांवर एकदाच. ती शाळेत शिकवायची, अजून सकाळी पेपर वाचून दाखवते मला. तिचं डोकं शाबूत राहावं एवढंच वाटतं. (ओझर)

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पूर्वी मेंदूत कॅन्सर पसरला की सगळ्यांना पूर्ण डोक्याला शेक, हा सरसकट नियम होता, मीही शिकताना तेच केलं. त्याचा त्रास असा की न दिसणारे बारीक डागही दबतात पण स्मरणशक्ती, शब्द आठवणं, नवीन गोष्ट लक्षात राहणं यावर परिणाम होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतली एक मोठी ट्रायल आली, एक ते तीन डाग असलेल्या पेशंटची, त्यात फक्त डागांवर रेडिओसर्जरी केलेल्यांचं डोकं, सोबत पूर्ण डोक्याचा शेकही दिलेल्यांपेक्षा, तीन महिन्यांनी स्पष्टपणे जास्त चांगलं चालत होतं आणि आयुष्य दोन्हीकडे सारखंच निघालं. त्याआधी २०१४ मध्ये जपानच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की पाच ते दहा डाग असले तरी निव्वळ रेडिओसर्जरीने आयुष्य दोन ते चार डागवाल्यांपेक्षा कमी पडत नाही. मग तीन डाग, मोठा दोन सेंटीमीटर, पेशंट पेपर वाचून दाखवतायत, अशा वेळी त्या तीन डागांवरच किरण देणं हेच मला पहिलं योग्य वाटतं.

पण याची एक किंमत आहे. बाकीच्या मेंदूला काही दिलेलं नसतं, त्यामुळे नवीन डाग दुसरीकडे येण्याची शक्यता जास्त राहते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय, न चुकता, बरं वाटत असलं तरी. नवीन डाग छोटा असताना सापडला तर परत तेवढ्यावरच किरण देता येतात. ओझरहून नाशिक काही लांब नाही, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. जे सहा महिने एमआरआय टाळतात आणि डाग मोठे झाल्यावर येतात त्यांच्या बाबतीत हा निर्णय अंगाशी येतो, आणि एवढ्यासाठीच काही डॉक्टर गावाकडच्या पेशंटला पूर्ण डोक्याचा शेक सुचवतात, त्यांचंही अगदीच चूक नसतं.

वर्षभराने एखाद्या जागी परत सूज, परत पांढरं दिसू शकतं. ते कॅन्सर परत आल्यामुळेही असतं आणि किरणांनी मेलेल्या पेशींमुळेही, आणि साध्या एमआरआयवर दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हा वेगळा एमआरआय, कधी पेट स्कॅन करतात. स्टेरॉइडने बऱ्याचदा सूज उतरते. मेंदूवर किरण दिले म्हणून अंगातल्या कॅन्सरची औषधं थांबत नाहीत, तुमच्या मेडिकल ऑन्कोलॉजिस्टना गाठीचा हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) रिपोर्ट काय होता ते विचारा, काही नवी औषधं मेंदूपर्यंतही पोचतात.

आणि पेपर वाचून दाखवणं चालू ठेवा, जमलं तर रोज एक परिच्छेद त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ओपीडीत मी हेच विचारते, मला टेस्टच्या मार्कांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

भावाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, आहे. महिना-दीड महिना रोज शेकायला जायचं सांगितलंय. एका दिवसाची रेडिओसर्जरी का नाही करत? (सातपूर)

कारण ही गाठ एका जागी गोळा होऊन बसत नाही, मुळं सोडल्यासारखी आजूबाजूच्या मेंदूत शिरते. नेमक्या बिंदूवर किरण देण्याचा फायदा तिथेच असतो जिथे गाठीला कडा असते. इथे कडेबाहेरही थोडं थोडं द्यावं लागतं, आणि तो भाग चांगल्या मेंदूचा असल्यामुळे एकदम मोठा डोस झेपत नाही, म्हणून रोज थोडं, साधारण तीस वेळा, सोबत गोळ्या. तुमच्या भावाला योग्य तेच सांगितलंय, सातपूरवरून रोज जाण्यायेण्याचा त्रास आहे हे मान्य, पण सुट्टी पाडू नका.

वडील ७४. गालात वीज चमकल्यासारखी कळ येते, दाढी करत नाहीत, जेवत नाहीत, वारा लागला तरी ओरडतात. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचं दुखणं) सांगितलाय. गोळ्यांनी झोप येते आणि तोल जातो. (पंचवटी)

या आजाराचा आणि रेडिओसर्जरीचा संबंध फार जुना आहे, लेक्सेल यांनी पन्नासच्या दशकात सगळ्यात आधी ज्या पेशंटवर हे करून पाहिलं ते याच दुखण्याचे होते. त्यामुळे प्रश्न अगदी योग्य आहे.

क्रम असा असतो, आधी कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या, त्या चालत नसतील, किंवा तुमच्या वडिलांसारखा तोल जात असेल तर पुढचं. तब्येत धडधाकट असेल आणि नसेवर रक्तवाहिनी घासत असेल तर ऑपरेशन करून ती बाजूला सारतात, त्याचा गुण जास्त वर्षं टिकतो. वय, हृदय, रक्त पातळ करायच्या गोळ्या यामुळे ते जमत नसेल तर रेडिओसर्जरी. नस मेंदूतून जिथे बाहेर पडते तिथे चार मिलिमीटरच्या ठिपक्यावर ८० ग्रेच्या आसपास डोस, आकडा ऐकून घाबरू नका, जागा अगदी ज्वारीच्या दाण्याएवढी असते.

पण इथेही तीच गोष्ट, त्याच दिवशी कळ जात नाही. काहींची पंधरा दिवसांत कमी होते, काहींना दोन-तीन महिने लागतात, तोपर्यंत गोळ्या चालू. काही जणांचा गाल थोडा बधिर राहतो. काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, एमआरआयचा प्रश्न येतो. आणि तोवर त्यांना कोमट, पातळ, स्ट्रॉने घेता येईल असं काही द्या, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, वजन उतरू देऊ नका.

हे नाशिकमध्ये होतं की मुंबईलाच जावं लागतं? खर्चाचं काय? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

गामा नाईफ देशात मोजक्याच ठिकाणी आहे, मुंबईत हिंदुजा, दिल्लीत एम्स, चंदीगडला पीजीआय, बंगळुरूला निमहन्स वगैरे. लिनॅक मशीन कॅन्सरवर उपचार करणाऱ्या बऱ्याच हॉस्पिटलांत असतं आणि चांगल्या लिनॅकवरही रेडिओसर्जरी उत्तम होते, मशीनच्या नावावरून भांडण करण्यात अर्थ नाही. जिथे जाल तिथे हे विचारा, न लाजता विचारा, की महिन्याला अशा किती केस करता, प्लॅनला न्यूरोसर्जन स्वतः बसतात का, फुलटाइम फिजिसिस्ट आहे का, आणि नंतरचे एमआरआय कोण बघणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण किरण मुंबईत होतील पण पुढची तीन वर्षं तुम्ही इथे राहणार.

जाताना फक्त फिल्म आणि रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या आणि तिची एक कॉपी पेन ड्राईव्हमध्ये ठेवा. पंचवटी एक्सप्रेसने पहाटे निघून, कल्याणला गर्दीत धक्के खात पोचलेली आणि सीडी उघडतच नाही म्हणून तसंच परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. खर्चाचा आकडा इथे लिहित नाही, तो ठिकाणाप्रमाणे फारच बदलतो. महात्मा फुले योजनेत बसतं का हे त्या त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी विचारा आणि मंजुरी आधी घ्या, उपचार झाल्यावर कागद गोळा करून काही होत नाही.

मुलीचं वय २५, एव्हीएमवर रेडिओसर्जरी होऊन १४ महिने झाले, एमआरआयमध्ये निम्मा बंद झालाय. स्थळं येतायत. सांगावं की नाही? मुलं होतील ना? आणि त्यांना हे होईल का? (सिन्नर)

मुलं होतील. किरण डोक्यावर दिले होते, पोटापर्यंत पोचणारा डोस इतका नगण्य असतो की त्याने गर्भधारणेच्या क्षमतेला धक्का लागत नाही. आणि एव्हीएम बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही, एक दुर्मिळ आजार सोडला तर, ज्यात घरात बऱ्याच जणांना वारंवार नाकातून रक्त येतं. तसं तुमच्याकडे कोणाला असेल तरच डॉक्टरांना सांगा.

पण एव्हीएम पूर्ण बंद झाल्याचं अँजिओग्राफीत दिसेपर्यंत दिवस राहू नयेत, असं आम्ही सांगतो. रक्तस्रावाचा धोका अजून संपलेला नाही, शिवाय गरोदरपणात झटक्यांच्या गोळ्यांचा प्रश्न येतो, काही गोळ्या बाळाला चालत नाहीत. म्हणजे अजून साधारण दीड-दोन वर्षं. लग्न त्याआधी करायला काहीच हरकत नाही, पण मग समोरच्या घरी हे माहीत असायलाच हवं, नाहीतर लग्नानंतर सहा महिन्यांत 'पाळणा कधी' सुरू होईल आणि ती पोरगी एकटी कोणाकोणाला काय सांगणार? गोळी लपवून खावी लागली तर एखादा दिवस चुकतो आणि तोच दिवस महागात पडतो. मी हे होताना पाहिलंय. ज्या घरी मोकळेपणाने सांगितलं तिथे नकारही आलेत, खोटं कशाला बोलू, पण जो मुलगा पुढच्या एमआरआयला स्वतः सोबत येऊन वेटिंगमध्ये बसला असाही मला माहीत आहे.

तुम्ही तीन पानं लिहिलीत, मामांचं मत लिहिलंत, शेजारच्या काकूंचं लिहिलंत. तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते कुठे सापडलं नाही. हा अंक तिच्या हातात द्या आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, मी तिला उत्तर देईन.